जिला गुंगारा देता येत नाही

प्रश्न असा आला आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधले निवडक संवाद मराठीत आणताना पाचव्या भागाच्या सुरुवातीला सॉक्रेटिस ग्लाउकोनला म्हणतो, ‘मी अद्रास्तेइयाला वंदन करतो.’ कोशात या नावाचा अर्थ मिळाला ‘अटळ’. दुसऱ्या पुस्तकात तीच बाई तान्ह्या झ्यूसला, म्हणजे पुढे देवांचा राजा झालेल्या बाळाला, सांभाळणारी दाई निघाली आणि तिसरीकडे सूड घेणारी देवता, म्हणजे नेमेसिसचंच दुसरं नाव. त्यात भर म्हणून ‘अफ्युक्तोस’ या वेगळ्याच शब्दालाही कोश ‘अटळ’ हाच अर्थ देतो. मग अद्रास्तेइया म्हणजे नेमकं काय, दोन्ही शब्द एकच का, आणि मराठीत लिहायचं काय?

आधी तो ‘अटळ’ खोडून बाजूला ठेवा. शब्द चुकीचा आहे असं नाही, पण त्यातलं चित्र वेगळं आहे. अटळ म्हणजे जे टळत नाही, आपल्या वाटेवरून हटत नाही. अनिवार्य म्हणजे ज्याचं निवारण होत नाही, अपरिहार्य म्हणजे ज्याचा परिहार नाही. या तिन्ही शब्दांत माणूस आपल्या जागी उभा असतो आणि काहीतरी त्याच्याकडे चालून येत असतं. ते अडवता येईल का, एवढाच प्रश्न. ग्रीक शब्दांत माणूस उभा नाही, तो पळतोय. आपल्याकडे हे चित्र एखाद्या विशेषणात सापडणार नाही, वाक्प्रचारात सापडेल: पळता भुई थोडी होणं. वर्षानुवर्षं ग्रीक शिकवताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की विद्यार्थ्याने हे पळणं एकदा डोळ्यांसमोर आणलं की या शब्दांचे सगळे विखुरलेले अर्थ आपोआप एका ओळीत येतात. ते आणलं नाही, तर दाई, देवता, नियती आणि बाण यांची नुसती खिचडी होते.

अद्रास्तेइया या नावाची ग्रीकांनी केलेली फोड साधी आहे. सुरुवातीचा ‘अ’ हा आपलाच नकाराचा ‘अ’. संस्कृतात स्वरापूर्वी त्याचा ‘अन्’ होतो, ग्रीकमध्येही तसाच होतो. दोन्ही भाषांना तो एकाच घरातून मिळालेला आहे. पुढचा धातू ‘द्रा’, म्हणजे पळणं. वर्तमानकाळात त्याचं द्वित्व होऊन ‘दिद्रास्को’ असं रूप होतं. हाच धातू संस्कृतातही आहे आणि धातुपाठात त्याचा अर्थ दिला आहे ‘कुत्सायां गतौ’, म्हणजे निंद्य प्रकारे जाणं. वैयाकरणांच्या मनात नेमकी कुठली चाल होती यावर वाद घालता येईल, पण ग्रीक अर्थ माहीत असलेल्याला ही व्याख्या वाचून हसू फुटतंच. निंद्य प्रकारे जाणं म्हणजे पळ काढणं, दुसरं काय? (परंपरेने ‘निद्रा’सुद्धा याच धातूपासून साधतात. आजचे भाषाशास्त्रज्ञ झोपेचा ‘द्रा’ वेगळा मानतात, तेव्हा तिकडे वळू नका.)

आता महत्त्वाची गोष्ट. ग्रीकमध्ये पळण्यासाठी दोन क्रियापदं आहेत. एक हे ‘दिद्रास्को’, जे बहुधा ‘अपो’ म्हणजे ‘पासून, दूर’ हा उपसर्ग लावून येतं. दुसरं ‘फेउगो’, ज्याच्यापासून ‘अफ्युक्तोस’ झाला. दोहोंतला फरक कुठल्याही कोशापेक्षा झेनोफनच्या ‘अनाबासिस’मधला एक प्रसंग जास्त चांगला सांगतो. इ.स.पू. ४०१. इराणचं सिंहासन भावाकडून हिसकावायला धाकटा सायरस भाडोत्री ग्रीक सैन्य घेऊन निघाला आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या मिरिआंदोस बंदरात मुक्काम पडतो आणि त्याचे दोन सरदार, झेनिआस आणि पासिओन, रुसून, किमती ऐवज जहाजात भरून पसार होतात. छावणीत कुजबुज सुरू होते की सायरस आता पाठलाग करून त्यांना पकडणार. सायरस सेनानींना बोलावून सांगतो ते थोडक्यात असं: ते गुंगारा देऊन गेलेले नाहीत, कारण कुठे गेले ते मला ठाऊक आहे, आणि निसटलेलेही नाहीत, कारण त्यांचं जहाज गाठतील अशा युद्धनौका माझ्याजवळ आहेत.

या वाक्यातलं ‘गुंगारा देणं’ म्हणजे अपोदिद्रास्को आणि ‘निसटणं’ म्हणजे अपोफेउगो. पहिल्यात नजरेआड होणं आहे: तुम्ही कुठे गेलात हेच कुणाला कळत नाही. दुसऱ्यात टप्प्याबाहेर जाणं आहे: तुम्ही दिसता, पण हाती लागत नाही. (सायरसने त्या दोघांचा पाठलाग केलाच नाही. उलट त्यांची बायकामुलं आपल्या ताब्यात असूनही तीही परत देईन म्हणाला आणि सैन्याची मनं जिंकली. पकडता येत असून सोडून देण्याचं राजकारण हा वेगळा विषय.)

म्हणजे तुमच्या प्रश्नाचा अर्धा निकाल इथेच लागतो. अफ्युक्तोस ते, ज्याच्या टप्प्याबाहेर जाता येत नाही. अद्रास्तेइया ती, जिला गुंगारा देता येत नाही, जिच्यापासून लपता येत नाही. शास्त्रकाट्याची कसोटी लावली तर प्रत्येक लेखक हा भेद पाळतो असं मी म्हणणार नाही. बोलण्याच्या ओघात दोन्ही शब्द एकमेकांच्या अंगणात जातात. पण ज्याला शब्दाचा कान आहे तो लेखक भेद ऐकतो. प्लूटार्क घ्या. दैवी शिक्षेला उशीर का होतो या विषयावरच्या त्याच्या संवादात मृत्यूनंतरच्या न्यायाचं वर्णन येतं. तिथे अद्रास्तेइया सर्वांच्या वर बसलेली आहे, अनांके म्हणजे ‘अपरिहार्यता’ आणि झ्यूस यांची मुलगी. तिच्या हाताखाली शिक्षा करणाऱ्या तिघी आहेत: पोइने (दंड), दिके (न्याय) आणि एरिन्युस (सूड). आणि प्लूटार्क म्हणतो, लहान असो की मोठा, तिच्या हातून कुणी सुटत नाही, ना लपूनछपून ना बळजबरीने. ‘लपूनछपून’ आधी येतं ते उगाच नाही. नावातच ते आहे.

दुसरी गंमत. हे शब्द दोन्ही बाजूंनी चालतात. ‘अद्रास्तोस’ हे अद्रास्तेइयाच्याच घरातलं विशेषण; त्याचा अर्थ ज्याच्यापासून पळता येत नाही तो, तसाच जो पळत नाही तोही. हिरोडोटसने हा दुसरा अर्थ अगदी जहरी ठिकाणी वापरला आहे. इराणचा राजा दरायस काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या सिथियनांवर स्वारी करून गेला तेव्हा डॅन्यूबवरचा परतीचा पूल त्याने आयोनियन ग्रीकांच्या हवाली केला होता. सिथियन त्यांना सांगत होते की पूल मोडा, राजा अडकेल, तुम्ही मोकळे व्हाल. आयोनियनांनी तो मोडला नाही आणि दरायस सुखरूप परतला. यावर सिथियनांचा अभिप्राय हिरोडोटस नोंदवतो: स्वतंत्र माणसं म्हणून पाहिलं तर यांच्याइतके भित्रे कुणी नाहीत, पण गुलाम म्हणून पाहिलं तर मालकावर माया करणारे आणि अजिबात न पळणारे. ते ‘न पळणारे’ म्हणजे ‘अद्रेस्ता’, त्याच शब्दाचं आयोनियन रूप. पळालेल्या गुलामाला ग्रीक ‘द्रापेतेस’ म्हणत, तोही याच धातूचा. तेव्हा अद्रास्तेइया या गंभीर नावाखाली गुलामांच्या बाजाराचा वास आहे हे विसरू नका. गुलाम पळाला की मालकाला पहिला प्रश्न पडायचा तो कुठे लपला हाच.

अफ्युक्तोसचंही तसंच. कोशात त्याचा मुख्य अर्थ ‘ज्याच्यापासून सुटका नाही’ आणि मागे, बारीक अक्षरात, ‘जो सुटू शकत नाही’. त्याचं उदाहरण ॲरिस्टोफेनीजच्या ‘मेघ’ या नाटकात आहे. तिथे सज्जन युक्तिवाद आणि लबाड युक्तिवाद अशी दोन पात्रं भांडतात. सज्जन म्हणतो, गरम पाण्याच्या आंघोळीने पोरं नेभळट होतात. लबाड लगेच झेप घेतो: थांब, धरला तुला कमरेला, आता सुटत नाहीस! आणि विचारतो, झ्यूसच्या मुलांत सगळ्यात शूर कोण? सज्जन म्हणतो, हेराक्लीज. मग लबाड विचारतो, हेराक्लीजच्या नावाचं थंड पाण्याचं न्हाणीघर कधी पाहिलंस? (ग्रीसमध्ये गरम झऱ्यांना हेराक्लीजचं नाव असे.) सज्जनाची बोलती बंद. इथला ‘अफ्युक्तोस’ सरळ कुस्तीच्या हौदातला आहे. ‘अटळ’ लिहिलंत तर सगळा विनोद मेला.

हाच शब्द वादविवादात नेहमीचा. प्लेटोच्या ‘युथिडेमस’मध्ये दोन भाऊ भाड्याने वाद घालत फिरतात आणि त्यांतला एक सॉक्रेटिसच्या कानाशी लागून फुशारकी मारतो की आम्ही विचारतो ते सगळे प्रश्न अफ्युक्तोस असतात. ‘थिएटिटस’मध्ये अशा प्रश्नाचा नमुनाच आहे. न डगमगणारा एक माणूस तुमचा एक डोळा हाताने झाकतो आणि विचारतो, या झाकलेल्या डोळ्याने माझा झगा दिसतो का? तुम्ही म्हणता, याने नाही, पण त्या दुसऱ्याने दिसतो. म्हणजे एकच वस्तू एकाच वेळी तुम्हाला दिसतेही आणि दिसत नाहीही! मग पाहणं म्हणजेच जाणणं, या तुमच्या सिद्धांताचं काय झालं? सॉक्रेटिस म्हणतो, अशा वेळी माणूस विहिरीत पडल्यासारखा अडकतो. मराठीत या प्रश्नाला तयार शब्द आहे: बिनतोड. अनुवादात तोच घाला, बिनधास्त.

बाणाच्या बाबतीत मात्र थोडं थांबावं लागतं. सोफोक्लीजच्या नाटकात फिलोक्टीटीसजवळ हेराक्लीजचे बाण आहेत, ते अफ्युक्तोस. युरिपिडीजच्या ‘मिडिया’त जेसन बायकोला सुनावतो की मला वाचवण्यात तुझा कसला उपकार, प्रेमाचा देव इरॉस याने अफ्युक्तोस बाण मारून तुला ते करायला लावलं. (या माणसाला हे बोलताना लाज कशी वाटली नाही, हा प्रश्न अडीच हजार वर्षं विचारला जातोय.) पुढे त्याच नाटकात कोरसमधल्या बायका प्रेमदेवता अफ्रोडाइटीला विनवतात: देवी, वासनेत बुडवलेला तो अफ्युक्तोस बाण सोनेरी धनुष्यातून माझ्यावर सोडू नकोस. आपल्याकडे अशा बाणाला ‘अचूक’ म्हणतात, पुराणांत ‘अमोघ’. दोन्ही शब्द चालतील, पण फरक ध्यानात घ्या. अचूक आणि अमोघ हे बाण मारणाऱ्याच्या बाजूचे शब्द आहेत: त्याचा नेम चुकत नाही, त्याचा बाण वाया जात नाही. अफ्युक्तोस ज्याला बाण लागणार त्याच्या बाजूचा आहे. म्हणून जेसनच्या तोंडी ‘अचूक’ शोभतो; त्याला मिडियाची वेदना दिसतच नाही. कोरसच्या तोंडी मी ‘ज्याच्यापासून जीव वाचत नाही’ असंच काहीतरी लांबलचक लिहीन, कारण त्या बायका स्वतःला हरणाच्या जागी पाहतात. एकच ग्रीक विशेषण, एकाच नाटकात, दोन मराठी शब्दांनी. परीक्षक याला विसंगती म्हणतील. म्हणू देत.

मृत्यूच्या बाबतीत ‘अटळ’ वापरायला माझी हरकत नाही. सिमोनिडीजच्या एका तुकड्यात मरण सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच टांगलेलं आहे, अफ्युक्तोस, आणि चांगल्या-वाईटाच्या वाट्याला ते सारखंच येतं. तिथे पळण्याचं चित्र कवीनेच मागे टाकलं आहे; मरण मागे लागलेलं नाही, वर लोंबतंय.

आता दाईकडे वळू. अद्रास्तेइया मुळात कुणी अमूर्त कल्पना नव्हती. जुन्या ग्रीक कवितेत ती आशिया मायनरमधल्या डोंगराची देवी म्हणून भेटते. ‘फोरोनिस’ नावाच्या एका लुप्त महाकाव्याच्या उरलेल्या ओळींत लोखंडाचं काम प्रथम करणारे ते फ्रिजियन मांत्रिक-लोहार, इडा डोंगरातले डाक्टिल, हे डोंगरवासी अद्रास्तेइयाचे सेवक म्हटले आहेत. एस्किलसही एका तुटक अवतरणात तिचं ठाणं त्याच मुलुखात दाखवतो. त्यामुळे हे नाव मुळात ग्रीक नसून फ्रिजियन वगैरे असावं आणि ‘न पळता येणारी’ ही फोड ग्रीकांनी नंतर बसवली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मला ते शक्य वाटतं. पण तुमच्या कामाला त्याने बाधा येत नाही: प्लेटो आणि हिरोडोटस ज्या काळात लिहीत होते त्या काळी कानाला ऐकू येत होती ती ही फोडच. आपल्याकडे गावाच्या नावाची व्युत्पत्ती गावकरी सांगतात तीच त्या गावाच्या जत्रेला आकार देते, तसं.

इडा नावाचे डोंगर दोन, एक ट्रॉयजवळ, एक क्रीटमध्ये. बहुधा या नावाच्या पुलावरूनच ही देवी क्रीटच्या गुहेत पोचली आणि झ्यूसची दाई झाली. कथा तुम्हाला माहीत असेलच: झ्यूसचा बाप क्रोनोस आपली पोरं गिळत होता, म्हणून आई रेआने धाकट्याला लपवलं. कॅलिमॅकस सांगतो की अद्रास्तेइयाने त्याला सोन्याच्या पाळण्यात निजवलं आणि कुरेट तरुण ढाली बडवत नाचत राहिले, म्हणजे बापाच्या कानावर रडणं जाऊ नये. गोकुळाष्टमीला पाळणा म्हणणाऱ्या कुणालाही हा देखावा परका वाटणार नाही. अपोलोनियसने तर आणखी एक लोभस तपशील दिला आहे: तिने बाळाला खेळायला सोन्याचा चेंडू केला होता, उडवला की ताऱ्यासारखी जळती रेघ मागे सोडणारा. पुढे तोच चेंडू अफ्रोडाइटी आपल्या पोराला, इरॉसला, लाच म्हणून देऊ करते, मिडियावर बाण मारशील तर. म्हणजे अद्रास्तेइयाच्या चेंडूची लाच आणि त्याच्या बदल्यात अफ्युक्तोस बाण. ही जुळणी कवीने मुद्दाम केली का, सांगता येत नाही. मला मात्र वर्गात ती सांगायला फार आवडते.

तिच्याविषयी सगळ्यात विचित्र गोष्ट ही की जिला गुंगारा देता येत नाही तिने आयुष्यातलं पहिलं काम केलं ते एका बापाला गुंगारा देण्याचं. गुरू ग्रहाच्या (पाश्चात्त्यांचा ज्युपिटर, म्हणजे रोमनांचा झ्यूस) एका छोट्या चंद्राला हे दाईचं नाव दिलं आहे. १९७९ साली व्हॉयेजर २ ने पाठवलेल्या छायाचित्रांत तो सापडला. गुरू स्वतःभोवती जितक्या वेळात फिरतो त्यापेक्षा कमी वेळात हा त्याच्याभोवती फेरी मारतो, म्हणून भरती-ओहोटीच्या ओढीने त्याची कक्षा हळूहळू आत सरकते आहे. नाव ठेवणाऱ्यांना दाई अभिप्रेत होती, पण अर्थ आपसूक जुळला: या चंद्रालाही पळता येत नाही.

नेमेसिसशी तिची गाठ कशी पडली हे भूगोलकार स्ट्रेबोमुळे कळतं. मार्मारा समुद्राच्या दक्षिणेला अद्रास्तेइया नावाचं गाव आणि मैदान होतं. स्ट्रेबो तिथे कवी अँटिमॅकसच्या ओळी देतो: नेमेसिस ही थोर देवी, तिची वेदी ऐसेपोस नदीकाठी प्रथम अद्रास्तोस राजाने बांधली, म्हणून तिथे ती अद्रास्तेइया या नावाने पुजली जाते. नेमेसिसचं मूळ ‘वाटून देणं’ या अर्थाच्या क्रियापदात. ज्याचा वाटा त्याला, आणि वाट्यापेक्षा जास्त घेतलं तर वसुली. वसुलीचं काम दारावर आलं की कर्जदार लपतो, हे सांगायला नको. म्हणून दोन्ही नावं एकमेकांना चिकटली यात नवल नाही. चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मिआनुस सीझर (म्हणजे उपसम्राट) गॅलसचा इ.स. ३५४ मधला शेवट सांगून थांबतो आणि म्हणतो, ही अद्रास्तेइयाची करणी, जिला आपण नेमेसिसही म्हणतो. तोवर तिला पंख, सुकाणू आणि चाक मिळालं होतं. स्टोइक तत्त्वज्ञांनी तिला थेट नियतीच्या नावांच्या यादीत टाकलं, आणि प्लेटोने ‘फीड्रस’मध्ये आत्म्यांच्या जन्ममरणाच्या नियमाला ‘अद्रास्तेइयाचा कायदा’ म्हटलं. ‘नियती’ हा अनुवाद या दोन ठिकाणी चालेल, इतरत्र नको.

‘रिपब्लिक’मधल्या ओळीत तर मुळीच नको. तिथे ती नियती नाही, सूडही नाही; ती जिभेवर नजर ठेवणारी आहे. अथेन्समध्ये मोठं बोलण्याआधी, बढाई मारली जाईल असं वाटलं की, लोक ‘अद्रास्तेइयाला नमस्कार’ म्हणत. ‘प्रोमिथियस’ नाटकात कोरस प्रोमिथियसला तेच सुचवतो: अद्रास्तेइयापुढे वाकतात ते शहाणे. आपल्याकडे ‘नजर न लागो’ म्हणतात, किंवा घरात वाईट बोललं की आजी दटावते, ‘असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ जात तीच, फक्त वास्तू वाईट इच्छेला होकार देते आणि अद्रास्तेइया मोठ्या तोंडाला चाप लावते. तिथेही भाव हाच की तुम्ही हळू बोललात तरी कुणीतरी ऐकतंच आहे. अथेन्समध्ये तिची पूजाही होत होती. इ.स.पू. ४२९-८ च्या देवस्थानांच्या हिशेबात तिचं नाव बेंडिस या थ्रेसच्या देवीसोबत येतं. ‘रिपब्लिक’ सुरू होतो तोच पिराएउस बंदरात बेंडिसची जत्रा पाहून परतणाऱ्या सॉक्रेटिसपासून, हे लक्षात ठेवलं की पाचव्या भागातला नमस्कार अधांतरी राहत नाही.

आता त्या ओळीच्या पुढचं वाक्य पुन्हा वाचा. सॉक्रेटिस म्हणतो: मी जे बोलणार आहे त्यासाठी अद्रास्तेइयाला वंदन, कारण मला वाटतं, नकळत कुणाचा खून होणं हा लहान अपराध आहे, सुंदर, चांगलं आणि न्याय्य काय याबद्दल माणसांना फसवणं हा मोठा. ग्लाउकोन हसून उत्तर देतो: आमचं काही वाईट झालंच तर आम्ही तुला खुनातून सोडतो तसं सोडू, शुद्ध ठरवू.

नकळत खून, मग शुद्धी, आणि वर अद्रास्तेइयाचं नाव. हे तिन्ही एकत्र ऐकलं की ग्रीक वाचकाच्या मनात एकच गोष्ट उभी राहिली असावी, हिरोडोटसच्या पहिल्या भागातली. लिडियाचा राजा क्रीसस स्वतःला जगातला सर्वांत सुखी माणूस समजत होता, आणि म्हणूनच बहुधा देवाकडून मोठी नेमेसिस त्याच्यावर आली, असं हिरोडोटस सुरुवातीलाच सांगतो. राजाला स्वप्न पडतं की मुलगा आटिस लोखंडी भाल्याच्या टोकाने मरेल. तो घरातली शस्त्रं हलवतो, मुलाला लढाईवर पाठवणं बंद करतो. त्याच सुमारास एक फ्रिजियन राजपुत्र आश्रयाला येतो. याच्या हातून नकळत स्वतःचा भाऊ मारला गेला आहे. क्रीसस विधीपूर्वक त्याची शुद्धी करतो आणि मग नाव विचारतो. नाव अद्रास्तोस. पुढे मिसियात रानडुकराचा उच्छाद होतो, आटिस शिकारीला जायचा हट्ट धरतो, आणि बाप त्याच्या रक्षणाला अद्रास्तोसला पाठवतो. भाला सुटतो तेव्हा हिरोडोटस वाक्य मुद्दाम लांबवतो: तो परदेशी, ज्याची खुनातून शुद्धी झाली होती, ज्याचं नाव अद्रास्तोस, त्याने डुकरावर भाला फेकला, नेम चुकला, आणि तो क्रीससच्या मुलाला लागला.

नाव पुन्हा उच्चारण्याची कथेला गरज नव्हती. हिरोडोटस त्याचा अर्थही सांगत नाही. इलियडच्या सहाव्या सर्गात असाच एक अद्रास्तोस आहे: घोडे उधळून झाऊच्या फांदीत अडकतात, रथ मोडतो, घोडे शहराकडे पळून जातात आणि हा चाकाजवळ पडून मेनेलॉसच्या हाती जिवंत सापडतो. थीब्ज शहरावर चाल करून गेलेल्या सात सेनानींतला अद्रास्तोस तर सातांतला एकटाच वाचला, तोही पळून, एरिऑन घोड्याच्या जोरावर. आणि दहा वर्षांनी पुढच्या पिढीच्या स्वारीत सगळ्यांची मुलं वाचली, मेला तो फक्त याचा. या नावाभोवती ग्रीकांनी असे खेळ बराच काळ चालवले आहेत.

हिरोडोटसच्या कथेचा शेवट मात्र वेगळा. प्रेताच्या मागोमाग अद्रास्तोस स्वतः येतो, हात पुढे करून क्रीससला म्हणतो, मला यावरच कापा. क्रीसस त्याला क्षमा करतो: दोष तुझा नाही, कुठल्यातरी देवाचा आहे. आता त्याला कुणी धरणारं नाही, मागे कुणी लागलेलं नाही. लोक पांगेपर्यंत तो थांबतो, थडग्याभोवती सामसूम झाल्यावर तिथेच स्वतःचा जीव घेतो. ज्याच्यापासून पळता येत नाही आणि जो पळत नाही, नावाचे हे दोन्ही अर्थ तिथे एकाच माणसात येतात.

प्लेटोने ही कथा मनात धरूनच ते वाक्य लिहिलं, हा माझा तर्क. तो सिद्ध करता येणार नाही. पण अनुवादात वाट मोकळी ठेवता येते. तेव्हा ‘अद्रास्तेइया’ हे नाव जसंच्या तसं ठेवा, नियती किंवा सूडदेवता करू नका. ‘वंदन’ जरा सभेतलं वाटतं; ‘ग्लाउकोन, बोलण्याआधी अद्रास्तेइयाच्या पाया पडतो’ असं म्हणा. खून आणि शुद्धी हे दोन शब्द पुढच्या दोन वाक्यांत ठळक राहू द्या, ‘निर्दोष’ वगैरे लिहून ते पुसू नका. तळटीप द्यायचीच तर एका ओळीची: जिला गुंगारा देता येत नाही अशी देवी, मोठं बोलण्याआधी तिचं नाव घेत.